तीन कोटेशनं आणि एक बंपर

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका काकूंनी मागच्या महिन्यात मला घरी बोलावलं. रविशंकर शुक्ल स्टेडियमपासून पाच मिनिटांवरचा जुना बंगला, फाटकापाशी झाडाखाली उभी असलेली पांढरी गाडी, आणि व्हरांड्यातल्या तिपाईवर चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवलेले तीन कागद. गाडीचा विमा संपायला अठरा दिवस होते. एक कोटेशन शोरूमनं दिलेलं, दुसरं पुण्यातल्या मुलानं मोबाइलवरून पाठवलेलं, तिसरं काकांच्या वेळेपासून घरी येणाऱ्या एजंटचं. आकडे होते 11,252 रुपये, 7,559 रुपये आणि 9,783 रुपये. काकूंचा प्रश्न सरळ होता. "गाडी एकच, मग इतका फरक कसा रे? सगळ्यात कमीचं घेऊन टाकू का?"

हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी दरवर्षी पडतो, आणि बहुतेक जण कागदाच्या तळाचा आकडा पाहून तो सोडवतात. मी काकूंना म्हटलं, आकडा जरा झाकून ठेवू आणि आधी गाडीबद्दल बोलू. गाडी कोण चालवतं? काकू स्वतः चालवत नाहीत, त्यांच्याकडे लायसन्स नाही. लागेल तेव्हा रोजानं ड्रायव्हर येतो. कुठे जाते? गोलबाजार, दवाखाना, महिन्यातून एकदा ग्वारीघाट, आणि वर्षातून दोन-तीनदा नागपूरला बहिणीकडे. उभी कुठे असते? झाडाखाली. नुकसानीचा क्लेम कधी घेतला होता का? तीन वर्षांत एकदाही नाही. एवढी माहिती हाती आली की कोटेशन वाचायला सुरुवात करता येते. त्याआधी वाचलं तर ते नुसते आकडेच राहतात.

पहिली गोष्ट थर्ड पार्टीची. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई देणारा हा भाग. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा आहे आणि तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. या भागाचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाचे 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यावर 7,897 रुपये आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीला यात 15 टक्के सवलत आहे. म्हणजे या रकमेवर कोणतीही कंपनी स्वस्त किंवा महाग असू शकत नाही. काकूंच्या तीनही कागदांवर मी 3,416 शोधायला सांगितलं. दोन कागदांवर ते सापडलं, एजंटच्या कागदावर 3,316 होते. त्या कमी झालेल्या शंभर रुपयांकडे मी पुढे येतोच.

काकूंना आणखी एक कोडं पडलं होतं. मागच्या वर्षी विम्याला एवढे पैसे लागले नव्हते, यंदा एकदम का वाढले? याचं कारण 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून नवीन कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो. पुढची दोन वर्षं आपण फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता भरतो आणि तोच खरा खर्च आहे असं धरून चालतो. तीन वर्षं झाली की दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. गाडी घेऊन तीन वर्षं होत असतील तर हा वाढलेला आकडा पाहून घाबरू नका, आणि घाबरून हाती लागेल ते स्वस्त कोटेशनही उचलू नका.

थर्ड पार्टी बाजूला काढला की उरतो ओन डॅमेज. कंपन्यांची स्पर्धा इथे आहे आणि कागदांमधला फरकही इथेच लपलेला असतो. 2007 पर्यंत हे दरसुद्धा ठरवून दिलेले होते, आता प्रत्येक कंपनी आपला दर लावते. तरी जुन्या दरपत्रकाची चौकट अजून वापरात आहे. त्या चौकटीत मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं एका झोनमध्ये आहेत आणि बाकीचा सगळा देश, त्यात आपलं जबलपूर आणि नागपूरही, दुसऱ्या झोनमध्ये. दुसऱ्या झोनचा मूळ दर थोडा कमी. झोन ठरतो गाडीच्या नोंदणीवरून. त्यामुळे पुण्याच्या भाच्यानं सांगितलेल्या त्याच्या एमएच 12 गाडीच्या हप्त्याशी आपल्या एमपी 20 गाडीच्या हप्त्याची तुलना करण्यात काही अर्थ नाही. गाडीचं मॉडेल एकच असलं तरी नाही.

आता आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. त्याच मॉडेलच्या आजच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून तो काढतात. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा. काकूंच्या गाडीची आजची किंमत साडेसात लाख धरली आणि चौथं वर्ष लागलं म्हणून 40 टक्के वजा केले तर साडेचार लाख येतात. शोरूमच्या कागदावर 4,50,000 होते. मुलानं पाठवलेल्या स्वस्त कागदावर 3,70,000.

मुलाची यात चूक नव्हती. दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सुरुवातीला पुष्कळदा सगळ्यात कमी आयडीव्ही धरलेला असतो, कारण त्यानं हप्ता छोटा दिसतो. तिथे आयडीव्ही बदलायची सोय असते. ती वापरून सगळ्या कंपन्यांचा आयडीव्ही शक्य तितका एका पातळीवर आणल्याशिवाय पुढचं काही वाचू नये. काकूंच्या बाबतीत फरक 80,000 रुपयांचा होता. मात्र हे 80,000 कधी अंगावर येतात तेही समजून घ्यायला हवं. बंपर फुटला, दार चेपलं, काच तडकली अशा नुकसानीत आयडीव्हीनं काहीच बदलत नाही; दुरुस्तीचं बिल जसं असेल तसं. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला आणि गाडी पूर्ण नुकसानीत काढली, तेव्हा हा आकडा कामाला येतो. बंगल्याच्या आवारात फाटकाआड उभी राहणारी गाडी आणि रात्रभर रस्त्यावर उभी राहणारी गाडी यांनी आयडीव्हीकडे सारख्या नजरेनं पाहायचं कारण नाही. तरी माझं मत विचाराल तर साधारण हजारभर रुपये वाचवण्यासाठी 80,000 चा धोका पत्करू नये.

यापुढचा भाग मी काकूंना सगळ्यात सावकाश समजावला, कारण तो माझ्या स्वतःच्या खिशातून गेलेला आहे. काही वर्षांपूर्वी नागपूरहून परतताना, रात्री शिवनीच्या अलीकडे, एक नीलगाय गाडीपुढे आली. आम्हाला कुणाला लागलं नाही. बंपर, एक हेडलाइट आणि बॉनेट गेलं. माझ्याकडे पूर्ण पॉलिसी होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. गॅरेजमधून गाडी घ्यायला गेलो तेव्हा कळलं की बिलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मला भरायचा आहे. फसवणूक झाली असं वाटून मी काउंटरवर आवाज चढवला. घरी येऊन पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा दिसलं की सगळं त्यात लिहिलेलं होतं.

साध्या पॉलिसीत बदललेल्या भागांवर घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के, गाडी कालच घेतलेली असली तरी. फायबरवर 30 टक्के. काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग वाढत वाढत चौथ्या वर्षात 25 टक्के, पाचव्यात 35, आणि दहा वर्षांनंतर 50. रंगकामाच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्यावर 50 टक्के कापतात. मजुरीवर कपात नाही.

हिशेबापुरते गोल आकडे घेऊ. काकूंच्या गाडीला चौथ्या वर्षात असाच समोरून मार बसला असं धरा. बंपर 6,000, हेडलाइट 8,000, बॉनेट 9,000, रंगकाम 8,000, मजुरी 5,000. बिल झालं 36,000. बंपरचे 3,000 कापले, हेडलाइटचे 4,000, बॉनेटचे 2,250, रंगाचे 1,000. झाले 10,250. त्यावर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचीच रक्कम, 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये आणि त्यावर 2,000. काकूंच्या खिशातून गेले 11,250. म्हणजे एका बंपरपायी वर्षाच्या अख्ख्या हप्त्याएवढी रक्कम. झिरो डेप घेतलेलं असतं, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, तर 1,000 रुपये आणि कूलंट, नटबोल्ट अशा किरकोळ वस्तूंचे पैसे, एवढ्यावर भागलं असतं. किरकोळ वस्तूंसाठी वेगळी जोड मिळते, पण ती नसली तरी फार बिघडत नाही.

आजकालच्या गाडीला पुढून-मागून प्लास्टिकच जास्त, आणि शहरात मार बसतो तो पुढून-मागूनच. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावंच, असं मी ठामपणे सांगतो. पाच वर्षांनंतर काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. देणारी मिळाली तर तिथला हप्ता पाहून ठरवावं. घेताना एक प्रश्न जरूर विचारा: वर्षातून किती क्लेमना झिरो डेप लागू आहे? कुठे दोनच, कुठे कितीही. दोन कागदांवर झिरो डेप हेच नाव असतं आणि आत ही अट वेगळी निघते.

मुलाच्या 7,559 च्या कागदावर झिरो डेप नव्हतंच. स्वस्ताईचं गणित तिथेच उलगडलं. ओन डॅमेजचे 4,600, त्यातून 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, जाऊन 2,990, थर्ड पार्टीचे 3,416, आणि 18 टक्के जीएसटी. बाकी काही नाही. कमी आयडीव्ही, झिरो डेप नाही, जोड एकही नाही. शोरूमच्या कागदावर ओन डॅमेज 5,800, बोनस जाऊन 3,770, झिरो डेप 2,000, थर्ड पार्टी 3,416, मालक-चालकाच्या अपघात विम्याचे 350, आणि वर जीएसटी. तळाच्या आकड्यांत 3,693 रुपयांचा फरक दिसतो, पण हे दोन कागद एकाच मालाचे भाव सांगतच नाहीत.

तिसरा कागद एजंटचा, 9,783 चा. झिरो डेप होतं, आयडीव्ही 4,40,000 होता, म्हणजे वरवर पाहता तोच सगळ्यात चांगला. पण त्यावर बारीक अक्षरात ऐच्छिक वजावट 5,000 लिहिली होती. ऐच्छिक वजावट म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये सक्तीच्या हजाराखेरीज आणखी पाच हजार मी भरीन अशी कबुली. त्या बदल्यात हप्ता कमी होतो. वर सांगितलेल्या बंपरच्या प्रसंगात झिरो डेप असूनही काकूंना 6,000 भरावे लागले असते. ज्याची गाडी क्वचित बाहेर निघते, जो छोट्या क्लेमच्या वाटेला जाणारच नाही आणि ज्याला पाच हजार सहज बाहेर काढता येतात, त्याला हे परवडतं. काकूंना ते विचारलंच गेलं नव्हतं, आणि न विचारता घातलेली अट कितीही फायद्याची असली तरी मला पटत नाही.

आणि ते थर्ड पार्टीतले शंभर रुपये. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कारच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. ते किमान 6,000 रुपयांवर आणायला संमती दिली की हप्त्यात शंभर रुपये सूट मिळते. ड्रायव्हरनं गोलबाजारात मागे घेताना एखाद्या दुकानाचं शटर वाकवलं किंवा महागड्या गाडीचा दरवाजा चेपला तर सहा हजारांत काय होतं? ही सूट कुणीही घेऊ नये. आपल्या कागदावर ती आहे का, हे आजच पाहा.

मालक-चालकाच्या अपघात विम्याचा भाग उलट होता. तिथे काकूंकडून फुकट पैसे घेतले जात होते. हा 15 लाखांचा विमा ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे अशा माणसासाठी असतो. काकूंकडे लायसन्सच नाही, मग त्यांना तो लागूच होत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून 15 लाखांचा अपघात विमा आहे, किंवा दुसऱ्या गाडीबरोबर तो घेतलेला आहे, त्यांनाही तो पुन्हा घ्यायची गरज नाही. तसं लिहून द्यायचं. काकूंना खरी गरज होती पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीची जोड घेण्याची. तिला वर्षाचे 50 रुपये लागतात आणि तिन्ही कागदांपैकी एकावरही ती नव्हती. ज्या घरात गाडी ड्रायव्हर चालवतो, त्या घरानं हे पन्नास रुपये आधी भरावेत. तो माणूस आपल्यासाठी रस्त्यावर असतो.

गाडी काकांच्या नावावरून काकूंच्या नावावर झाली होती, हे मुलानं वेळेवर केलेलं मोठं काम. आपल्या ओळखीत कितीतरी घरं अशी आहेत जिथे गाडी अजून गेलेल्या माणसाच्या नावावर चालते आहे. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने, किंवा तिची मुदत आधी संपत असेल तर तेवढीच, वारसांच्या उपयोगी पडते. तेवढ्या काळात आरसी आणि विमा दोन्ही बदलून घ्यावेत. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून नातेवाइकांपैकी कुणीतरी ते अंगावर घ्यावं. वारसाहक्कानं गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली तर गेलेल्या माणसाचा नो क्लेम बोनसही त्यांना मिळतो, फक्त मागावा लागतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही इथे थांबावं. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी आपोआप आपल्याकडे येतो, पण ओन डॅमेज येत नाही. हस्तांतरणानंतर 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. विकणाऱ्यानं दिलेली पॉलिसीची झेरॉक्स डॅशबोर्डमध्ये ठेवून निश्चिंत राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

नो क्लेम बोनस हा आपला कमावलेला पैसा आहे, तो नीट सांभाळावा. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. तो फक्त ओन डॅमेजवर मिळतो. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून नवी घेतली तर जुन्या कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की सगळा बोनस जातो. आणि एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी तो शून्यावर. म्हणून लहान क्लेमच्या आधी वही-पेन घ्यावं. काकूंच्या गाडीला चार हजारांचं काम निघालं, वजावट जाऊन कंपनीकडून तीन हजार मिळणार, असं धरा. ओन डॅमेज साधारण 5,500 राहिला तर पुढच्या वर्षीचे 45 टक्के, म्हणजे 2,475 गेले. त्याच्या पुढच्या वर्षी 50 च्या जागी 20 टक्केच, म्हणजे आणखी 1,650 गेले. तीन हजारांसाठी चार हजारांवर पाणी. असं काम गॅरेजवाल्याला रोख देऊन करून घ्यावं. कंपनी बदलताना मात्र बोनसबद्दल खोटं बोलू नये, एजंट "कोण बघतो" म्हणाला तरी. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, आणि खोटं उघडं पडतं ते नेमकं क्लेमच्या वेळी.

पाण्याबद्दल थोडं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घराखाली उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. आपल्याकडेही जोराच्या पावसात ओमती नाल्याच्या आसपासचे भाग भरतात, हे जबलपूरकरांना सांगायला नको. पुराचं नुकसान साध्या ओन डॅमेज पॉलिसीत येतं. पण गाडी पाण्यात असताना चावी फिरवली आणि इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं, तर कंपनी म्हणते हे नुकसान पुरानं झालेलं नाही, तुम्ही चालू केल्यानं झालं. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड असते. सखल भागात राहणाऱ्यांनी ती घ्यावी. काकूंचा बंगला जोत्यावर आहे, त्यांना मी नको म्हटलं. जोड घेतलेली असो वा नसो, बुडालेली गाडी सुरू करायची नाही. फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टोइंगनं गॅरेजला न्यायची.

झाडाची फांदी पडली, माकडानं आरसा मोडला, गाईनं दार चेपलं, हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. नुसत्या थर्ड पार्टीवर यातलं काहीच मिळत नाही. उंदरांनी वायर कुरतडल्या तर कंपन्यांची वागणूक वेगवेगळी असते. जुन्या बंगल्यांत उंदरांचा त्रास मोठा, तेव्हा हे लेखी विचारून घ्या. मागाहून बसवलेला सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंदवलेला हवा.

कमी फिरणाऱ्या गाड्यांसाठी किलोमीटरप्रमाणे हप्त्याची सोय 2022 च्या जुलैपासून आली आहे. निवृत्त मंडळींना ती खरंच उपयोगी पडते. फक्त आपला वर्षाचा वापर धरताना नागपूर विसरू नका. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर होतात, आणि तीन फेऱ्यांत ठरवलेली मर्यादा बरीच संपते.

मग कंपनी कोणती? मी नाव सांगत नाही, कारण ते शहराप्रमाणे बदलतं. देशभरात हजारो कॅशलेस गॅरेजेस असलेल्या कंपनीची जबलपुरात चारच असू शकतात, आणि त्यात आपल्या गाडीच्या ब्रँडचं एकही नसेल तर त्या हजारोंचा आपल्याला उपयोग नाही. कोटेशन मागतानाच जबलपूरची आणि नागपूरची यादी मागा आणि त्यातल्या एका गॅरेजला स्वतः फोन करून विचारा, या कंपनीचं कॅशलेस अजून चालू आहे का. मदनमहालच्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीलाही विचारा, कुणाचा सर्व्हेअर वेळेवर येतो. जाहिरातीत छापलेल्या क्लेमच्या टक्क्यांपेक्षा त्याचं उत्तर जास्त कामाचं असतं. पैसे भरल्यावर पॉलिसी हातात आली की त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून आणि एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून ती खरी असल्याची खात्री करा.

इतकं करूनही कंपनीनं अडवणूक केली तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या पिढीतले बरेच जण "कोण नादी लागणार" म्हणून सोडून देतात. सोडू नका.

काकूंनी शेवटी शोरूमच्या माणसाला फोन लावला. मालक-चालकाचा विमा काढायला सांगितला, पगारी ड्रायव्हरची जोड घालायला सांगितली, मालमत्तेचं संरक्षण साडेसात लाखांचं आहे ना हे तीनदा विचारलं. नवा आकडा आला 10,898 रुपये. मग तोच तपशील मुलाला पाठवून, अगदी तोच आयडीव्ही आणि त्याच जोडी घालून, ऑनलाइन भाव काढायला सांगितला आहे. तो कमी आला तर काकू तिथून घेतील, आणि त्यात काही गैर नाही.

बाहेरगावी राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आईवडिलांच्या गाडीचा विमा तुम्ही मोबाइलवर काढता, पॉलिसी तुमच्या ईमेलवर येते, नोंदवलेला नंबर तुमचा असतो. अपघात मात्र इथे होतो, आणि त्या वेळी तुम्ही मीटिंगमध्ये किंवा विमानात असू शकता. पॉलिसीवर त्यांचाही नंबर नोंदवा. पहिलं पान छापून गाडीच्या कप्प्यात ठेवा आणि त्यावर जाड अक्षरात कंपनीचा क्लेमचा नंबर आणि जबलपूरच्या एका कॅशलेस गॅरेजचं नाव लिहून ठेवा. दिवाळीला याल तेव्हा दहा मिनिटांत होईल.